उशिरा उकळणारी विलायती किटली

मित्रांनो, आधी मला नीट पाहून घ्या. गोल पोट, आखूड चोच, काळी मूठ आणि अंगावर इतके ओरखडे, की माझ्यात तोंड पाहू गेलात तर नाक भलतीकडेच दिसेल. मी एक जुनी विजेची किटली आहे. जन्माने विलायती, राहायला अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला, आणि बोलते मराठी, तेही नागपूरकडचं. हसता काय? ज्या घरचं पाणी तापवावं त्या घरची बोली तोंडात बसतेच. माझी कहाणी ऐकलीत की तुम्हीही म्हणाल, हिला हे शोभतं.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, ठोकला, वाकवला, पोटात तापणारी तार बसवली आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. शेवटच्या टेबलाशी एक जाडजूड बाई बसायची. ती प्रत्येक किटलीत पाणी उकळून पाहायची आणि जी पास होईल तिच्या झाकणावर टिचकी मारायची. माझ्या झाकणावर तिची टिचकी पडली तेव्हा मला असा काही आनंद झाला, की विचारू नका. आपण जगात काहीतरी करून दाखवणार, अशी माझी तिथंच खात्री पटली.

आणि खरंच, सुरुवातीचे दिवस काय रुबाबाचे होते! समुद्रकाठच्या हल नावाच्या गावी ऑड्री नावाची एक बाई राहायची. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, मला घरी आणलं. ऑड्री पन्नाशीची, उंच, सडपातळ, बोलायला अगदी हळू. तिने बटण दाबावं, वळून कपाटातून कप काढावेत, की इकडे माझं पाणी खदखदून बटण टक्कन वर उडालेलं! शेजारणी म्हणायच्या, "ऑड्री, किटली आहे का आगगाडीचं इंजिन?" मी मनातल्या मनात फुगायची. पाऊस, धुकं, दुखवटा, बारसं, काही असो, त्या गावात पहिला मान माझा. आधी पाणी ठेवायचं आणि मग काय झालं ते विचारायचं.

क्लिफर्ड समुद्रातून वायू काढणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. एकोणीसशे ब्याऐंशीच्या सुमारास कंपनीने त्याला टेक्सासला पाठवलं. ऑड्रीने खुर्च्या विकल्या, पडदे बहिणीला दिले, पण मला मात्र स्वतःच्या लोकरी शालीत गुंडाळून सोबत घेतलं. "तिकडे सगळं मिळतं गं," बहीण म्हणाली. "किटली मिळत नाही म्हणे," ऑड्री म्हणाली. तिचं खरंच होतं. तिकडे विजेची किटली कुणाच्या गावीही नव्हती.

शुगर लँडच्या घरात पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. माझा तीन जाड पायांचा प्लग तिथल्या भिंतीत जाईना. क्लिफर्डने प्लग बदलला, ऑड्रीने पाणी भरलं, बटण दाबलं, वळून कप काढले. मी गारच. तिने कप विसळले. मी कोमट. तिने अख्खं टेबल पुसून काढलं तरी माझ्या पोटात नुसती कुरकुर. मला वाटलं, संपलं! प्रवासात आपल्याला काहीतरी जीवघेणं झालं!

"तिला काही झालं नाही," क्लिफर्ड हसून म्हणाला. "इथल्या विजेचा जोर आपल्याकडच्या निम्माच. ती उकळेल, पण तिच्या सवडीने."

सवडीने! मित्रांनो, वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला एकदम ढकलपास व्हावं लागलं तर तिला काय वाटेल? मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मनात एकच ध्यास, कधी एकदा हलला परत जाते आणि पुन्हा पूर्वीसारखी उकळते.

ऑड्रीचंही मन माझ्यासारखंच गार पडलं होतं. क्लिफर्ड पंधरा पंधरा दिवस समुद्रात वायू काढायला उभारलेल्या फलाटावर जायचा. मूल नव्हतं. तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. गाडी चालवता येत नव्हती, आणि शुगर लँडला गाडी येत नसेल तर माणूस घरातल्या घरात पांगळं. सिंकच्या वरच्या खिडकीपाशी माझी जागा होती. तिथून मला अख्खा रस्ता दिसायचा, आणि त्या रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचं नाही. गॅरेजचं दार आपोआप वर जायचं, गाडी आत शिरायची, दार खाली यायचं. शेजारी कसे दिसतात ते कळायला दिवाळी नाहीतर भूकंप यावा लागेल, असं आमची आताची मालकीण म्हणते.

तरी ऑड्रीने हिंमत केली. एकदा ती हलमध्ये चालायची तशी पिशवी घेऊन दुकानाला पायी निघाली. रस्त्याला कडेची पायवाटच नाही. तर मागून येणारी गाडी थांबली. "बाई, गाडी बिघडली का? सोडू का?" ती "नको, आभारी आहे" म्हणाली, तोवर दुसरी थांबली. मग ट्रकवाला. मग पोलीस! चालणारं माणूस म्हणजे काहीतरी संकटातलं माणूस, असं इथल्या लोकांना वाटे. घरी येऊन ती मला पाणी भरता भरता सांगत होती, "किती चांगले लोक गं हे! पण मला फक्त चालायचं होतं." दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने "आज कशा आहात?" असं विचारलं, तर ऑड्रीने गुडघ्याच्या दुखण्यापासून सगळं सांगितलं. मागची रांग थांबली, मुलगी हसतमुखाने ऐकत राहिली. तो नुसता नमस्कार होता हे ऑड्रीला पुढे कधीतरी कळलं, तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. आणि हॉटेलात चहा मागितला तर काय आलं? उंच पेला, त्यात बर्फ, त्यात लिंबू! ती बिचारी त्या पेल्याकडे बघत बसली.

बर्फाच्या चहाचं मूळ आमच्या समोरच राहत होतं. वँडा नावाची साठीची बाई, जन्माची टेक्सासची, नवरा वारलेला, अंगाने भरदार, आवाज असा की तिने कुजबुज केली तरी आमच्या काचा वाजाव्यात. आम्ही आलो त्याच दिवशी ती चीज घातलेलं, अजून वाफाळणारं काहीतरी मोठ्या भांड्यात घेऊन आली होती. ओळख ना पाळख! जाताना म्हणाली, "हनी, माझं दार उघडंच असतं. कधीही ये!" ही वँडा काचेच्या बरणीत पाणी आणि चहाच्या पुड्या घालून बरणी अंगणात उन्हात ठेवून द्यायची. चहा कुणी करायचा? सूर्याने! मग आम्ही किटल्यांनी काय भजन करायचं? मी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

पण ऑड्री वँडाकडे कधी गेलीच नाही. कारण विलायतेत "या कधीतरी" हे "येऊ नका"चंच सभ्य रूप. खरं बोलावायचं असेल तर वार सांगतात, वेळ सांगतात. वँडाने वार सांगितला नव्हता. म्हणून ऑड्रीने तिचं भांडं घासूनपुसून दारात ठेवलं, घंटाही न वाजवता परत आली आणि खिडकीत बसून वाट पाहू लागली, की वँडा वार कधी सांगते.

मग अंजना आली. शेजारच्याच घरात नागपूरचं एक कुटुंब राहत होतं. सुभाष इंजिनिअर, त्याची बायको अंजना तिशीची, आणि मुलगी सीमा, इथंच जन्मलेली, पहिलीत जाणारी. एकदा सीमाचा चेंडू आमच्या मागच्या अंगणात आला आणि त्याच्यामागून अंजना. बुटकी, चपळ, डोळे सतत हसरे. तिलाही गाडी येत नव्हती. म्हणजे कुंपणाच्या या बाजूला एक पांगळी आणि त्या बाजूला दुसरी. ऑड्रीने तिला चहाला बसवलं आणि मला लावलं.

आता इथे एक गंमत झाली. मला उकळायला लागणारा वेळ म्हणजे दोन अनोळखी बायकांसाठी फार मोठा वेळ. गप्प तरी किती बसणार? शेवटी अंजनानेच सुरुवात केली. नागपूरचा उन्हाळा आणि शुगर लँडचा उन्हाळा यात जास्त वाईट कोणता यावर बोलता बोलता माझं बटण उडालं, तेव्हा दोघी दचकल्या. त्यांचं बोलणं इंग्रजीत व्हायचं हं, मी तुम्हाला ते मराठीत सांगते आहे. अंजना वयाने लहान, त्यामुळे तिच्या तोंडून नुसतं "ऑड्री" निघेना. ती "ऑड्रीताई" म्हणू लागली. सीमाला तिने सांगितलं, "ही तुझी मावशी." ऑड्रीने अर्थ विचारला. "माझी बहीण," अंजना म्हणाली. ऑड्रीने घाईघाईने पाठ फिरवून माझं झाकण विनाकारण उघडून पाहिलं.

निघताना अंजना दारातून म्हणाली, "येते हं!"

"त्याचा अर्थ काय?" ऑड्रीने हौसेने विचारलं. तिला तो शब्द गोड वाटला होता.

सीमा चेंडू घेऊन पुढे पळाली होती. अंजना पळता पळता म्हणाली, "येते म्हणजे... आय ॲम कमिंग!"

मराठी मित्रांनो, तुम्हाला हसू फुटलं असेल. पण तेव्हा मी तरी कुठे मराठी होते! ऑड्रीने आत येऊन लगेच दोन कप विसळले, मला पुन्हा भरलं आणि बटण दाबलं. बाई मुलीला घेऊन परत येणार, ताजा चहा नको का? मी उकळले. निवले. तिने मला पुन्हा लावलं. संध्याकाळ झाली तेव्हा तिने दुसरा कप कोरडाच कपाटात ठेवला. "काही काम निघालं असेल," ती मला म्हणाली.

असं एकदा नाही, मित्रांनो, दर भेटीला झालं. अंजना यायची, गप्पा मारायची, हसायची, हसवायची आणि जाताना न चुकता "येते हं!" म्हणायची. आणि ऑड्री न चुकता दोन कप मांडून बसायची. हाक मारून विचारावं, तर तेही तिच्याने होईना. तिकडची रीतच तशी. आपण कुणाला भार होऊ नये, शेजाऱ्याला त्रास देऊ नये. एकटं राहून झुरलं तरी चालेल, पण दार वाजवायचं नाही. हळूहळू ती माझ्याशी बोलेनाशी झाली. फोनवर बहिणीला म्हणाली, "इथले लोक जीव लावून बोलतात गं. सगळे ये म्हणतात, सगळे येते म्हणतात. पण कुणाच्याच बोलण्यात काही नसतं. बहुतेक मीच कुणाला आवडत नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटातलं पाणी हललं. एवढी गुणाची बाई, आणि तिला असं वाटावं!

त्याच आठवड्यात तिने हलचं तिकीट काढलं. एकेरी. क्लिफर्डला समुद्रात फोन करून सांगितलं, "तू कंत्राट पुरं कर. माझ्याने इथे होणार नाही." तिकडून त्याने तिकिटाची तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "तुला जसं बरं वाटेल तसं कर, राणी." फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. लग्न झाल्यापासून त्या दोघांनी वेगवेगळ्या देशांत राहायचं कधी मनातही आणलं नव्हतं.

खोकी भरली गेली. मी शेवटी जायची होते, तीच शाल माझ्यासाठी टेबलावर काढून ठेवली होती. खरं सांगू? मी खूश होते. परत हल! परत तो जोर! पण ऑड्रीचा चेहरा पाहिला की ती खुशी घशाखाली उतरत नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी अंजना आली. हातात डबा, डब्यात गरम सांबारवड्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. टेक्सासच्या बाजारात कोथिंबीर ढिगाने मिळते आणि अंजना त्या वड्या अशा करायची, की घरभर वास सुटायचा. ती आत आली आणि खोकी पाहून जागीच थांबली.

"अवो, हे काय करून राहिले तुम्ही? कुठे चालल्या?"

"घरी," ऑड्री म्हणाली.

"किती दिवस?"

"कायमची."

अंजना मटकन खुर्चीत बसली. ऑड्रीने सवयीने मला लावलं. आणि त्या दिवशी, मित्रांनो, माझा तो सगळा लांबलचक वेळ दोघींपैकी एकीनेही शब्द काढला नाही. वड्या निवल्या. मी उकळले. चहा कुणी प्यायला नाही. अंजनाच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं आणि ती पदराने पुसत होती. मग बाहेर सीमाच्या शाळेच्या बसचा हॉर्न ऐकू आला. ती उठली, दाराशी गेली, मागे वळली आणि सवयीने म्हणाली,

"येते हं, ऑड्रीताई."

ऑड्रीने कप टेबलावर असा आपटला, की चहा शालीवर सांडला. तिचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"नको! कृपा करून ते म्हणू नकोस! तू येत नाहीस, अंजना! एकदाही आली नाहीस! दर वेळी म्हणतेस येते, आणि मी दर वेळी पाणी ठेवते, दोन कप मांडते आणि खिडकीत वेड्यासारखी बसते! यायचं नसेल तर म्हणतेस कशाला?"

अंजना दारातून परत आत आली. "पण मी... ते तर मी जाताना म्हणते."

"जाताना? मग जाते म्हण ना!"

"अवो बाप्पा!" अंजनाने कपाळावर हात मारला. "जाते कसं म्हणू? आमच्यात घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. जाणं म्हणजे... अमका गेला म्हटलं की आमच्याकडे लोक रडायला लागतात! निघणाऱ्याने येतेच म्हणायचं. म्हणजे आपलं नातं तुटलं नाही, एवढंच. आईने शिकवलं तेव्हापासून म्हणून राहिली मी!" आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "तुम्ही दर वेळी वाट पाहत होत्या? चहा ठेवून?"

ऑड्रीने मान डोलावली.

"आणि मी तिकडे घरात बसून म्हणत होते, ऑड्रीताईंना सोबत नको वाटते. कारण तुम्ही बिस्किटं एकदाच विचारायच्या. मी नको म्हटलं की ताट उचलून ठेवायच्या. आमच्याकडे पहिलं नको हे नको नसते नं!"

ऑड्रीच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. हसता हसता रडायला लागली, रडता रडता हसायला. अंजनाने तिला मिठी मारली, आणि इंग्रज बाईला अशी करकचून मिठी पहिल्यांदाच कुणी मारली असावी, कारण तिचे हात आधी कुठे ठेवावे तेच तिला कळेना. मग कळलं.

"आणि खरंच परत यायचं असेल तेव्हा काय म्हणता?" डोळे पुसत ऑड्रीने विचारलं.

"तेव्हाही येतेच."

"मग समोरच्याला कळायचं कसं?"

अंजनाने विचार केला. "नाही कळत," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "म्हणून हाक मारायची असते. तुम्ही काहून नाही मारली एकदाही?"

तोवर बाहेर बस थांबली होती. सीमा उतरली आणि समोरून वँडाने रस्ता ओलांडून तिचा हात धरला, कारण आई कुठे दिसत नव्हती. खिडकीतून मी पाहिलं, अंजना ऑड्रीला ओढत ओढत रस्त्यावर नेत होती. काय बोलणं झालं ते मला ऐकू यायला काही अडचण नव्हती. वँडाच बोलत होती ना!

"जाते आहेस? हनी, तू आलीस त्या दिवशी मी तुला काय सांगितलं? दार उघडं आहे! तेव्हापासून रोज फ्रिजमध्ये तुझ्यासाठी चहाचा जग भरून ठेवते मी! मला वाटलं, तुम्हा इंग्रजांना आम्ही टेक्सासवाले अडाणी वाटतो!"

"पण तुम्ही वार सांगितला नव्हता," ऑड्री अगदी हळू म्हणाली.

"वार? उघड्या दाराला वार कसला?"

सीमा या सगळ्यांच्या मध्ये उभी होती. तिने ऑड्रीचा झगा ओढून विचारलं, "मावशी, आर यू गोइंग ऑर नॉट?"

बघा, एवढा सरळ प्रश्न त्या पोरीखेरीज कुणी विचारलाच नव्हता. ऑड्रीने आमच्या घराकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे.

"नॉट," ती म्हणाली.

मित्रांनो, मी त्या क्षणी हल, तो जोर, तो रुबाब, सगळं विसरले. मी देवाचे आभार मानले. जी बाई "मी कुणालाच आवडत नाही" म्हणून खोकी भरत होती, तिच्यासाठी दोन घरांत माणसं वाट बघत बसली होती, आणि तिला ते कळलं होतं. मग त्या तिघी आणि सीमा स्वयंपाकघरात आल्या. मला लावलं. थोड्या वेळाने वँडाने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "हनी, तुझी ही वस्तू बिघडली आहे. कप मायक्रोवेव्हमध्ये ठेव, चटकन होईल."

"नको!" ऑड्री आणि अंजना एकदम ओरडल्या. निवलेल्या सांबारवड्या वँडाने त्या वेळात जवळजवळ एकटीने संपवल्या, एकदाही नको न म्हणता.

तिकीट कॅन्सल केलं. क्लिफर्ड घरी आला तेव्हा उघडलेली खोकी पाहून दारातच उभा राहिला. टोपी काढून तो एवढंच म्हणाला, "चहा आहे का?" आणि माझ्यावर हात ठेवला. मी गरम होते तरी त्याने तो लवकर काढला नाही.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. वँडाने आपल्या बोटीएवढ्या गाडीत दोघींना बसवून ड्रायव्हिंग शिकवलं. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात; ऑड्री विलायती सवयीने डावीकडे जायची, अंजना डोळे मिटायची आणि वँडा मोठ्याने देवाला हाका मारायची. पण दोघी पास झाल्या. ऑड्री आग्रह करायला शिकली, इतका की सुभाष तिच्याकडे जाण्याआधी घरी जेवेनासा झाला. दुकानात "आज कशा आहात?" असं विचारलं की ती स्वतः "मजेत! तू?" म्हणू लागली, आणि ते खरं असायचं. बर्फाचा चहासुद्धा ती प्यायला लागली. माझ्यासमोर नाही, बाहेर. तेवढी तिने माझी लाज राखली.

एकोणीसशे शहाऐंशीला तेलाचा धंदा बसला. शुगर लँडमध्ये घरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या. क्लिफर्डच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं आणि त्यांना परत जावं लागलं. या वेळी ऑड्री जायला तयार नव्हती, आणि तिला थांबता येत नव्हतं. तिने मला धुतलं, पुसलं आणि शाल हातात घेतली.

अंजना दारात उभी होती. मित्रांनो, ती मागणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी ती सरळ म्हणाली, "ऑड्रीताई, ही किटली मला ठेवून जा."

ऑड्रीला नवल वाटलं. "अगं, इथे हिला किती वेळ लागतो! तिकडे गेली की चुटकीसरशी उकळेल."

"म्हणूनच नका नेऊ," अंजना म्हणाली. "तिकडे लोक पटकन चहा पितील आणि पटकन उठून जातील. हिला इथेच राहू द्या."

ऑड्रीने मला दोन्ही हातांनी उचललं, क्षणभर पोटाशी धरलं आणि अंजनाच्या हातात दिलं. मला शरमेची वाटलेली गोष्ट कुणीतरी माझा गुण म्हणून मागून घेतली होती. माझ्या त्या लुळ्यापांगळ्या उकळीला असा मान मिळेल, हे बर्मिंगहॅमच्या त्या टिचकी मारणाऱ्या बाईलाही पटलं नसतं.

तेव्हापासून मी अंजनाच्या ओट्यावर आहे. नागपूरला "जय भीम"ने सुरू होणारे लांब लांब फोन ऐकते, आल्याचा वास पोटात मुरवते. सुभाषने मायक्रोवेव्ह आणला तेव्हा मी मनातून हादरले. घाईच्या सकाळी सगळे त्याच्याकडेच जातात. कधी कधी आठवडाभर माझ्या अंगाला कुणी हात लावत नाही, सीमाच्या शाळेची पत्रकं माझ्यावर टेकवलेली असतात. वाईट वाटतं, का नाही वाटणार? पण कुणी दुखावलेलं, हरवलेलं, नवं माणूस घरात आलं, की अंजना मायक्रोवेव्हला हात लावत नाही. ती मला भरते.

म्हणून मित्रांनो, मला जपा, पुसा, फडताळात मानाने ठेवा, असं मी मागत नाही. मागायचं ते माणसांसाठी मागते. कुणी तुम्हाला "ये कधीतरी" म्हणालं, तर तो शब्द तोलत बसू नका, जाऊन दार वाजवा. कुणी येतो म्हणून आलं नाही, तर रुसून खिडकीत बसू नका, हाक मारा. प्रत्येक देशात गोड बोलायची तऱ्हा वेगळी, पण वाट पाहणाऱ्याचा जीव सगळीकडे सारखाच तुटतो. आपण कुणालाच नको आहोत असं वाटून एखादं माणूस भिंतीपलीकडे खोकी भरत असेल, आणि तुम्हाला ते ठाऊकही नसेल.

ऑड्रीच्या जुन्या घरात काल कुणीतरी राहायला आलं आहे. कोण, कुठलं, काय भाषा, काही माहीत नाही. सकाळपासून तिथे एक बाई अंगणात एकटीच उभी राहते आणि आत जाते. अंजनाने आत्ताच मला काठोकाठ भरून बटण दाबलं, पायात चपला सरकवल्या आणि तिला बोलवायला गेली आहे.